काम पडद्यावर मांडताना

डिझाइनच्या विद्यार्थ्यांचं शेवटच्या वर्षाचं काम बघायचं तर पूर्वी त्या संस्थेत जावं लागे. आता लिंक येते. बहुतेकदा व्हॉट्सॲपवर, ‘जमलं तर बघा’ एवढ्याच निरोपासह. उघडली की छोट्या चौकटींची रांग लागते: खुर्ची, ॲप, पोस्टर, पाण्याचा फिल्टर, पुन्हा एक ॲप. बोटाने वर सरकवत गेलं की चहा संपेपर्यंत अख्खी बॅच ‘बघून’ होते. ही प्रस्तावना अशा घाईतल्या पाहुण्याला जरा थांबवण्यासाठी आहे. पुढच्या पानांवरची कामं मी एकेक करून सांगत बसणार नाही, ती विद्यार्थ्यांनीच सांगायची. मला बोलायचं आहे ते या मांडणीबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पडद्यावर वस्तू दाखवता येत नाही, कितीही आव आणला तरी. पण ती वस्तू अशीच का झाली, दुसरी कुठली का झाली नाही, हे पडद्यावर दालनापेक्षा चांगलं दाखवता येतं. वस्तू दाखवण्याचा हट्ट धरणारं ऑनलाइन प्रदर्शन फसतं. विचार दाखवायला बसलेलं प्रदर्शन जमून जातं.

दालनात प्रदर्शन भरवलेल्यांना आदली रात्र आठवत असेल. प्लॉटरपुढची रांग, सनबोर्डवर नेमका मधोमध आलेला बुडबुडा, मॉडेलवरचा न वाळलेला रंग, डबल टेप संपली म्हणून स्टेशनरीवाल्याला केलेल्या विनवण्या. सकाळी पाहुणे येत. जाहिरात एजन्सीतली माणसं, कारखानदार, माजी विद्यार्थी आणि एका कोपऱ्यात जरा अवघडून उभे असलेले आईवडील. आपली मुलगी इतकी वर्षं नक्की काय शिकत होती, याचा उलगडा त्यांना त्या दिवशी होई. किंवा होतही नसे.

या दालनात एक गोष्ट मात्र कधीच नीट दिसली नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शेवटच्या प्रकल्पाचा जाडजूड डिप्लोमा दस्तऐवज लिहावा लागतो. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात पी-वन, पी-टू असे प्रकल्प करत विद्यार्थी पी-थ्रीला येतो आणि त्याचाही अहवाल लिहितो. प्रश्न कुठून सुरू झाला, कुणाकुणाशी बोलणं झालं, कोणते पर्याय काढले आणि का टाकून दिले, हे सगळं त्या कागदांत असतं. प्रदर्शनात टेबलावर असते ती शेवटी उरलेली एक वस्तू. अहवाल ज्युरीच्या हातात जातो, तिथून ग्रंथालयाच्या कपाटात. पाहुण्याला वस्तू मिळते, तिच्यामागचा विचार नाही.

मग २०२० साल आलं. मार्चअखेर वसतिगृहं रिकामी झाली, वर्कशॉपना कुलपं लागली. ज्यांचं शेवटचं मॉडेल लेथवर किंवा भट्टीत अर्धवट होतं, ते तिथेच राहिलं आणि विद्यार्थी लॅपटॉप घेऊन गावी गेले. जगभर तीच तऱ्हा होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने त्या जुलैमध्ये आपलं पदवी प्रदर्शन इंटरनेटवर भरवलं. ब्रिटनमधल्या कला-डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी तर ‘पॉज ऑर पे’ नावाची मोहीमच उघडली: अभ्यासक्रम थांबवा, नाहीतर शुल्क परत करा. त्यांच्या रागात तथ्य होतं. स्टुडिओ, यंत्रं, भट्ट्या यांच्यासाठी पैसे मोजलेल्या मुलांना झूमची खिडकी देऊन वेळ मारून नेता येत नाही.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला आयआयटी मुंबईने पदवीदान समारंभ आभासी जगात केला. संगणकात दीक्षान्त सभागृह उभं केलं, संचालकांचा आणि विद्यार्थ्यांचा ॲनिमेटेड अवतार केला, प्रमुख पाहुणे म्हणून नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ डंकन हॉल्डेन होते, त्यांचाही अवतार. अनेकांनी नावं ठेवली, मला ते आवडलं होतं. पदवीदान हा विधी आहे. विधी बाहुल्यांकडून करून घेतला तरी पार पडतो, आणि घरात सोफ्यावर बसून टाळ्या वाजवणाऱ्या आजीला तो पोहोचतोही.

प्रदर्शनाचं तसं नाही, पण बऱ्याच संस्थांनी तेच केलं. त्रिमितीत दालन बांधलं, भिंती पांढऱ्या, वर स्पॉटलाइट, जमीन चकचकीत. पाहुण्याने बाणाची कळ दाबत त्या दालनातून चालायचं, भिंतीत अडकायचं, मागे फिरायचं आणि शेवटी एका पोस्टरपुढे पोहोचायचं, जे वाचता येईल इतकं मोठं होतच नाही. खानावळीच्या दारात मांडलेल्या प्लास्टिकच्या थाळीसारखा हा प्रकार. भिंती, दिवे आणि चालणं ही दालनाची गरज होती, कारण तिथे खऱ्या वस्तू ठेवायच्या होत्या. वस्तूच नसताना भिंत कशाला?

वस्तू नसण्याने काय जातं, हे मात्र नाकारू नये. जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत हान्स ‘निक’ रोएरिश्ट या विद्यार्थ्याने १९५९च्या सुमारास पदवीचं काम म्हणून उपाहारगृहांसाठी चिनी मातीची भांडी केली. टीसी १०० हे त्यांचं नाव. रोझेनथाल उद्योगाच्या थोमास कारखान्याने ती बाजारात आणली, वसतिगृहांपासून भोजनालयांपर्यंत कित्येक वर्षं वापरली गेली, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही पोहोचली. एका विद्यार्थ्याच्या शेवटच्या प्रकल्पाला याहून काय हवं? त्या भांड्यांचं सगळं मर्म रचण्यात आहे. व्यास असे ठरवलेले की वेगवेगळे नग एकावर एक नेमके बसावेत, उतरंड हलू नये, धुणाऱ्याचा हात सुटसुटीत चालावा. फोटोत ती साधी पांढरी भांडी दिसतात, जरा कंटाळवाणीच. कप कपात बसतो तेव्हा हाताला जे कळतं, ते पडद्यावर कुठून आणणार? उल्मची शाळा १९६८ मध्ये बंद पडली, पण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून तिथे शिकायला गेलेल्या सुधाकर नाडकर्णी यांनी पुढे पवईत आयडीसीची घडी बसवली, तेव्हा हाताने तपासण्याची ती शिस्त आपल्याकडेही आली. ती शिस्त लिंकवर चढवता येत नाही. वजन, पोत, तोल, आवाज यांच्यावर पाणी सोडूनच ऑनलाइन प्रदर्शन भरवावं लागतं.

उलट काय मिळतं, यासाठी दुसरं एक विद्यार्थ्याचं काम बघू. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये शिकणाऱ्या डेबोरा ॲडलर हिच्या आजीने एकदा चुकून आजोबांच्या औषधाच्या गोळ्या घेतल्या आणि ती आजारी पडली. अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सहसा पट्टीत मिळत नाहीत. दुकानदार त्या नारिंगी, गोल, पारदर्शक बाटलीत मोजून घालतो आणि वर चिठ्ठी डकवतो. घरातल्या सगळ्यांच्या बाटल्या सारख्याच दिसतात. चिठ्ठीवर सगळ्यात मोठं नाव औषधाचं नसतं, दुकानाचं असतं. बाटली गोल म्हणून ती फिरवत फिरवत वाचावी लागते. ॲडलरने २००२ मध्ये हाच विषय पदवीसाठी घेतला. आधी चिठ्ठीवरच्या मजकुराचा क्रम बदलला. औषधाचं नाव, कुणासाठी, किती आणि केव्हा, एवढं वर, ठळक. डॉक्टर, दुकान, पुन्हा किती वेळा भरून मिळेल वगैरे रेषेखाली. चिठ्ठी सलग वाचता यावी म्हणून बाटलीला सपाट बाजू. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळा रंग. पुढे औद्योगिक डिझायनर क्लाउस रोझबर्ग यांच्यासह तिला पक्कं रूप मिळालं आणि २००५ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीने ती लाल बाटली आपल्या औषधविभागात आणली. झाकणावर उलटी उभी राहणारी, मानेभोवती ज्याच्या त्याच्या रंगाचं कडं. पुढे टार्गेटने आपला औषधांचा व्यवसाय सीव्हीएस कंपनीला विकला आणि ती बाटली बंद झाली तेव्हा गिऱ्हाइकांनी जोरदार तक्रारी केल्या. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला याहून चांगली पावती नाही.

आता हे काम छोट्या चौकटीत कल्पून पाहा. एक लाल बाटली दिसेल. कुणी म्हणेल, रंग छान आहे. दालनातल्या टेबलावरही थोडं हेच झालं असतं. पण त्याच पानावर जुन्या बाटलीची चिठ्ठी आणि नवी चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली, कुठली ओळ कुठून कुठे गेली ते दाखवलं, टाकून दिलेले आकार खाली लावले आणि आजीची गोष्ट चार वाक्यांत सांगितली, तर डिझाइन म्हणजे काय हे कुठल्याही वाचकाला दहा मिनिटांत कळेल. कपाटातला तो अहवाल इथे वस्तूच्या शेजारी येऊन बसतो. पडद्याची खरी कमाई ही आहे. म्हणून या प्रदर्शनातलं कुठलंही पान उघडलंत तर शेवटचा देखणा फोटो झरकन ओलांडा आणि खाली जा. वहीतली रेखाटनं, पुठ्ठ्याची वेडीवाकडी मॉडेलं, कुणीतरी वापरून पाहताना काढलेले अंधुक फोटो, हे जिथे आहे तिथे रेंगाळा. जिथे ते नाहीच, तिथे शंका घ्या.

शंका यासाठी की पडदा फोटोजेनिक कामावर फिदा असतो. रॉयल कॉलेजच्या २००९च्या बॅचमधली दोन कामं गाजली. थॉमस थ्वेट्स याने ३.९४ पौंडांचा, दुकानातला सगळ्यात स्वस्त टोस्टर विकत घेतला, खोलला, आत चारशेच्या वर भाग निघाले. मग तसा टोस्टर कच्च्या मालापासून स्वतः बनवायचा त्याने ध्यास घेतला. लोहखनिज आणलं, मायक्रोवेव्हमध्ये वितळवून पाहिलं. शेवटी जे तयार झालं ते वितळलेल्या पिवळ्या मेणासारखं काहीतरी होतं आणि विजेला जोडल्यावर काही क्षणांतच संपलं. त्याचा एक फोटो पाहिला तरी पुरे, मुद्दा कळतो. एवढी स्वस्त वस्तू बनायला केवढं जग राबतं! दुसरं काम मिन-क्यू चोई याचं. ब्रिटनचा तीन पिनांचा प्लग म्हणजे नुसता ठोकळा, लॅपटॉप बारीक होत गेले तरी हा तसाच. चोईने तो घडी घालून अवघ्या १० मिलिमीटर जाडीचा केला. घडी कशी उलगडते, याची छोटी चित्रफीत इंटरनेटवर फिरली, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार त्याला मिळाला. दोन्ही कामं अस्सल. पण दोन्हींना पडदा मानवला तो त्यांच्या स्वभावामुळे: एकाचं अपयश बोलकं, दुसऱ्याची हालचाल मोहक. ग्रामीण दवाखान्यातली केसपेपरची रांग कमी करणारा प्रकल्प दहापट उपयोगी असेल, पण त्याचा फोटो काय काढणार? ज्युरीने आणि नोकरी द्यायला आलेल्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

रेंडरबद्दल तर मी थोडा कडवाच आहे. संगणकात उभी केलेली वस्तू आज इतकी हुबेहूब दिसते की लाकडाचे रेषे, धातूवरचा ओरखडा, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं असतं. फक्त वस्तू नसते. २०२०च्या बॅचचा इलाज नव्हता, त्यांना वर्कशॉपच बंद होतं. पण सवय लागली ती लागलीच. रेंडर वाईट नाही, विचार करायचं ते चांगलं साधन आहे. त्याखाली ‘हे रेंडर आहे, बनवून पाहिलेलं नाही’ एवढं लिहिलं की माझी तक्रार संपते. खुर्ची कुणी बसल्याशिवाय खुर्ची होत नाही.

एका प्रकारच्या कामाला मात्र पडदा हेच घर आहे: अक्षरांना. दालनात फाँटचं काम म्हणजे भिंतीवर फ्रेम केलेलं भलंमोठं ‘क’ किंवा ‘अ’. सुंदर, पण त्याने काही सिद्ध होत नाही. ऑनलाइन पानावर एक रिकामी चौकट ठेवली की पाहुणा स्वतः टाइप करून पाहू शकतो, आणि मराठी पाहुणा या बाबतीत मोठा निर्दय परीक्षक असतो. तो आधी स्वतःचं नाव टाइप करतो. मग ‘कुऱ्हाड’. त्यातला अर्धा र नीट आला की ‘दऱ्याखोऱ्या’. मग ‘उत्कृष्ट’, ‘षट्कोन’, ‘वाङ्मय’. जोडाक्षर फुटून पायमोडकं झालं की लगेच कळतं. ‘शाळा’ लिहिल्यावर श देठाचा येतो की हिंदी वळणाचा, ‘लाल’मधला ल पाकळीचा आहे का, हेही तो बघतो. शासनाच्या वर्णमालेने देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल मराठीसाठी मान्य केलेत, तरी कित्येक फाँट अजून हिंदी रूपंच पुढे करतात. या क्षेत्रात आपल्याकडे बळकट वारसा आहे. विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी आयडीसीत शिकवत. ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ आज गूगल फाँट्सवर कुणालाही फुकट वापरता येतात, आणि कित्येक मराठी संकेतस्थळं, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या त्यांत लिहिल्या जातात. तेव्हा अक्षरांचा प्रकल्प दिसला की नुसता बघू नका, त्यात घरच्या वाण्याची यादी टाइप करून बघा.

आता थोडं श्रेयाबद्दल. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत पुण्याच्या तांबट आळीतले तांबट येतात, सावंतवाडीचे लाकडी खेळणी करणारे येतात, येवल्याचे विणकर येतात. विद्यार्थी त्यांच्याकडे जाऊन राहतो, शिकतो, नमुने करून घेतो. आणि प्रदर्शनात फोटोखाली ओळ असते: ‘स्थानिक कारागीर काम करताना’. विद्यार्थ्याचं नाव, मार्गदर्शकाचं नाव, फोटो काढणाऱ्या मित्राचंही नाव. ज्याच्या हातोडीने काम झालं तो मात्र स्थानिक. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला ‘लेदर सँडल्स’ म्हणून दाखवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांचा त्यावर सामाईक हक्क आहे. गदारोळानंतर प्राडाने त्या परंपरेचा उल्लेख मान्य केला. खवळलो ते बरोबरच होतं. पण मिलानला जाब विचारताना आपल्या पदवी प्रदर्शनातल्या फोटोओळींकडे कानाडोळा करून चालणार नाही. माणूस तयार असेल तर त्याचं नाव, गाव आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहावं. नको म्हणाला तर तसं. पण आधी विचारावं.

आणि तो कारागीर हे पान उघडू शकेल का? माझ्या मते ऑनलाइन प्रदर्शनाचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि तोच सगळ्यात जास्त वाया जातो. पवईला किंवा अहमदाबादला कधीच न येणारा माणूस, ज्याच्यासाठी किंवा ज्याच्यासह वस्तू बनली, तो घरबसल्या ती पाहू शकतो. पण पान उघडायला जड, सगळा मजकूर इंग्रजीत, तोही ‘स्टेकहोल्डर’ आणि ‘टचपॉइंट’ अशा भाषेत. ऊसतोड कामगारांच्या कोयत्यावर केलेला प्रकल्प ऊसतोड कामगाराला वाचता येऊ नये, यात काहीतरी चुकतंय. प्रत्येक प्रकल्पाला मराठीत अर्धं पान आणि साध्या मोबाइलवर पटकन उघडणारे फोटो, एवढंही पुरेल. आईवडिलांचंही काम त्यात होऊन जाईल.

एक गोष्ट आजच ठरवायला हवी: हे पान दहा वर्षांनी कुठे असेल? २०००च्या दशकात विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ फ्लॅशमध्ये बनत. हलणारे, वाजणारे, भारी दिसणारे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ती पानं ब्राउझरमधून गेली. योगायोग असा की त्याच वर्षी सगळं जग आपली प्रदर्शनं इंटरनेटवर चढवत होतं. जे. जे.च्या आवारातली जुनी पॅनल्स ओलीने खराब होत असतील, पण काही तरी उरतं. डोमेनचे पैसे भरायचे राहिले तर वेबसाइटचं काहीच उरत नाही. साधी पीडीएफ, ग्रंथालयात एक प्रत, इंटरनेट अर्काइव्हवर एक नोंद, एवढं तरी प्रत्येक बॅचने मागे ठेवावं.

विद्यार्थ्यांसाठीही एक सूचना. डिझाइन्स ॲक्ट, २००० नुसार नोंदणी मिळते ती नव्या रचनेला. अर्ज करण्याआधी रचना जगजाहीर झाली तर नवेपणाचा दावा अडचणीत येतो, आणि वेबसाइटवर टाकणं म्हणजे जगजाहीर करणंच. नोंदणी दहा वर्षांची मिळते, पुढे पाच वाढतात. ज्यांना आपली वस्तू बाजारात न्यायची आहे त्यांनी लिंक पाठवण्याआधी अर्जाचं बघावं. काही प्रकल्पांची बारकाईची चित्रं म्हणूनच अशा प्रदर्शनात हातचं राखून दाखवलेली असतात. त्याला चोरटेपणा समजू नका.

राहता राहिला पाहुणा. दालनात विद्यार्थी टेबलामागे उभा असे, त्याला तोंडावर विचारता येई. इथे तो नाही, पण त्याचा ईमेल पानावर असतो. ‘छान’, ‘अभिनंदन’ आणि अंगठा एवढ्यावर त्याला सोडू नका, त्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही. विचारा: हे मोडलं तर दुरुस्त कोण करणार? डावखुऱ्या माणसाने कसं धरायचं? पावसाळ्यात काय होईल? हे हजार नग करायचे तर एकाची किंमत किती पडेल, आणि ती देणारा माणूस तुम्हाला कुठे भेटला?